कोल्हापुरात कॉलेज निवडताना: संपाच्या वर्षी कुठली पदवी किती उशिरा हाती येते

बारावीचा निकाल लागला की दसरा चौकापासून कावळा नाक्यापर्यंत कॉलेजांचे फलक झळकतात आणि घरोघरी एकच खल सुरू होतो, पोराला घालायचं कुठं? सल्ले दोनच प्रकारचे येतात. एक नावाचा: "त्या कॉलेजचं नाव आहे, तिथंच घाल." दुसरा धास्तीचा: "तिथं सारखे संप असतात, वर्ष वाया जाईल." हे सल्ले देणाऱ्यांना विचारून बघा, मागच्या संपात निकाल नेमका किती दिवस लांबला? उत्तर येत नाही.

इथं परीक्षण आहे ते शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात मिळणाऱ्या पदवीचं, एक सेवा म्हणून. वर्गात कोण कसं शिकवतं हा विषय वेगळा. शिक्षक किंवा कर्मचारी कामावरून उठले की कुठल्या प्रकारच्या कॉलेजात विद्यार्थ्याच्या हाती काय पडतं, कधी पडतं, आणि कॉलेजच्या नावाचा त्यात काही उपयोग होतो का, एवढंच तपासायचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. संपानं वर्ष जात नाही, महिने जातात. पदवीनंतर ज्याला लगेच कुठं जायचं नाही त्याला ते जाणवतही नाहीत. ज्याचा पुढचा प्रवेश, परदेशातली जागा किंवा नोकरी त्या गुणपत्रिकेला टांगलेली असते, त्याला मात्र तेच महिने फार महागात पडतात. आणि दुसरी गोष्ट: "आमच्याकडं कधीच संप होत नाही" हे वाक्य कॉलेजच्या माहितीपत्रकात गुण म्हणून छापलेलं असलं, तरी ते दोषाचं लक्षण असण्याची शक्यता बरीच आहे. ते कसं, ते पुढं येईल.

संपाचं पंचांग

कॉलेजांतले संप वळवासारखे अवचित कोसळत नाहीत. जानेवारीत निवेदन, मग काळ्या फिती, मग जेवणाच्या सुट्टीतली निदर्शनं, मग सहसंचालक कार्यालयासमोर एक दिवसाचं धरणं, मग परीक्षेच्या कामावर बहिष्कार आणि सरतेशेवटी बेमुदत. फेब्रुवारी-मार्च गाठायचं कारण सरळ आहे. मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन तेव्हाच भरतं आणि परीक्षाही तेव्हाच तोंडावर येतात. मागणी बहुतेक वेळा पैशाची असते, आणि तिजोरीची चर्चा त्याच दिवसांत चालते.

गेल्या काही वर्षांतले मोठे प्रसंग बघा. ४ फेब्रुवारी २०१३ ला 'एम्फुक्टो' या राज्यातल्या प्राध्यापक महासंघानं परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. आपल्या कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत त्याची घटक संघटना म्हणजे 'सुटा'. मागण्या होत्या सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी, आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या, नेट-सेट ही पात्रता परीक्षा पास नसलेल्या प्राध्यापकांच्या सेवेचा प्रश्न. उच्च न्यायालयानं लक्ष घातल्यावर १० मे रोजी बहिष्कार मागं घेतला गेला. मोजले तर ९६ दिवस. सरकारनं त्यातल्या ७१ दिवसांचा पगार रोखला आणि तो वाद पुढं वर्षानुवर्षं कोर्टात चालला, कारण प्राध्यापकांचं म्हणणं होतं की आम्ही तास घेतच होतो, नाकारलं ते फक्त परीक्षेचं काम.

२०२० च्या सप्टेंबरअखेरीस, करोनामुळं आधीच रखडलेल्या अंतिम वर्षाच्या परीक्षा जवळ आल्या असताना, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनीच परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि २० तारखेपासून बेमुदत संप केला. रद्द झालेली आश्वासित प्रगती योजना (बढती मिळाली नाही तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) पुन्हा लागू करा, सातव्या वेतन आयोगातून सुटलेल्यांना तो द्या, अशा मागण्या होत्या. राज्यातल्या विद्यापीठांना परीक्षा पुढं ढकलाव्या लागल्या. तो धुरळा खाली बसतोय तोवर १४ ते २० मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला. त्याचा कॉलेजशी काय संबंध, असं वाटेल. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जातपडताळणी ही सगळी कागदं सरकारी कचेरीतून येतात, आणि प्रवेशाच्या वेळी त्यातलं एक जरी नसलं तरी फी खुल्या प्रवर्गाची भरायला लागते.

कोण उठलं, त्यावर सगळं

आपल्याकडं "संप" म्हटलं की सगळं एकाच पोत्यात भरतात. प्राध्यापकांचा बहिष्कार आणि शिक्षकेतरांचा संप ह्यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीनं फार फरक आहे. तो कळायला परीक्षेची साखळी डोळ्यांपुढं हवी.

परीक्षा अर्ज, पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, पात्रता, हॉल तिकीट, बैठक व्यवस्था, कोऱ्या उत्तरपत्रिकांचा साठा हे सगळं कार्यालयाकडं. प्रश्नपत्रिका काढणं शिक्षकांकडं. पेपरच्या दिवशी प्रश्नपत्रिका विद्यापीठाकडून ऑनलाईन केंद्रावर येते, तिथं तिच्या प्रती काढून वर्गात पोचवायच्या. हे केंद्रावरच्या लिपिक-शिपायाशिवाय होत नाही. वर्गात पर्यवेक्षण शिक्षकांचं. नंतर गठ्ठे 'कॅप'ला, म्हणजे केंद्रीय मूल्यांकन केंद्राला. बैठक क्रमांक झाकणं कर्मचाऱ्यांचं, तपासणी आणि फेरनजर शिक्षकांची, गुण भरणं, निकाल जुळवणं, गुणपत्रिका छापणं परत कार्यालयाचं.

म्हणजे प्राध्यापक उठले की साखळी 'कॅप'वर तुटते. पेपर कसेबसे होतात, गठ्ठे पडून राहतात. बहिष्कार संपल्यावर काम एकाच जागी साचलेलं असतं. दिवसाला अमुक उत्तरपत्रिका असा कोटा लावून ते उपसता येतं. घाईनं तपासलेल्या पेपरचा दर्जा तो काय असणार, हे मात्र फोटोकॉपी मागवली की कळतं. बेरजेच्या चुका, न तपासलेलं पुरवणीचं पान, हे अशाच वर्षी जास्त सापडतं.

शिक्षकेतर उठले तर साखळी पहिल्याच कडीला तुटते. पेपरच होत नाही. आणि इथं नुकसान संपाच्या दिवसांपुरतं राहत नाही, कारण नवं वेळापत्रक बसवताना सीईटी, नेट, बँकेच्या परीक्षा, दहावी-बारावीसाठी दिलेल्या इमारती, सगळ्यांना वळसा घालावा लागतो. मग दोन पेपरांमधल्या सुट्ट्या कापल्या जातात. आधी दोन दिवसांचं अंतर असलेले पेपर सलग येतात. बी.एस्सी. आणि बी.कॉम.च्या पोरांना हे जड जातं, बी.ए.ची सुटतात.

तासांचा हिशोबही करून ठेवा. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे सत्रात ६० तास, आठवड्याला चार. तीन आठवडे वर्ग बुडाले तर १२ तास, म्हणजे विषयाचा पाचवा भाग. लेखी विषयात रविवारचे जादा तास लावून ते भरून निघतात. प्रयोगशाळेत नाही. प्रयोगाला उपकरण एक, बॅच चार, आणि परिचरही संपावर. त्यामुळं दोन-तीन प्रयोग वगळून जर्नल पुरं केलं जातं, सही मिळते, गुणही मिळतात. त्रास होतो एम.एस्सी.ला गेल्यावर, तेच उपकरण समोर आलं की.

आणखी एक खड्डा, ज्याची कल्पना पालकांना अजिबात नसते. निकाल उशिरा लागला की पुनर्मूल्यांकनाची मुदत आणि पुढच्या सत्राच्या परीक्षा अर्जाची मुदत एकमेकींवर चढतात. एका विषयात राहिलेला विद्यार्थी पुनर्मूल्यांकनाचेही पैसे भरतो आणि त्याच विषयाचा फेरपरीक्षेचा अर्जही. पुनर्मूल्यांकनात पास झाला तर दुसरे पैसे गेले. पण अर्ज न भरण्याची जोखीम कुणी घेऊ नये. पुनर्मूल्यांकनाचा निकाल पेपरच्या आदल्या आठवड्यातही आलेला नसतो.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, कलम ८९: शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांत लावायचा. नाही जमलं तर विद्यापीठानं कारणांचा अहवाल कुलपतींकडं पाठवायचा. विद्यार्थ्याला त्यातून भरपाई काही मिळत नाही. तरी ४५ हा आकडा पाठ करून ठेवा, पुढं मोजमापाला लागतो.

प्रकार एक: अनुदानित, संलग्न कॉलेज

कोल्हापूरचा कणा हाच. विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ चं; १८८० चं राजाराम कॉलेज त्याहून किती तरी जुनं. राजर्षी शाहूंच्या वसतिगृहांमुळं खेड्यातली पोरं ज्या शहरात शिकली, तिथल्या ह्या कॉलेजांचा पाया तसा पक्का आहे. फी परवडते, ग्रंथालयं जुनी आणि भरलेली, कायम प्राध्यापक अनुभवी. पण पगार सरकारचा, म्हणून भांडण सरकारशी, म्हणून राज्यव्यापी संप झाला की हमखास झळ बसणार. त्यात कॉलेजच्या व्यवस्थापनाच्या हाती काही नसतं. प्राचार्यांना जाब विचारून उपयोग नाही.

ह्या प्रकाराची जमेची बाजू अशी, की झळ सगळ्यांना सारखी बसते. तीन जिल्ह्यांतला प्रत्येक विद्यार्थी एकाच वेळी अडकतो, त्यामुळं विद्यापीठाच्या पुढच्या प्रवेशाच्या तारखाही त्याप्रमाणं सरकतात. गोची होते ती विद्यापीठाबाहेर पडणाऱ्याची.

प्रकार दोन: स्वायत्त कॉलेज

विवेकानंद कॉलेज, केआयटी, इचलकरंजीचं डीकेटीई, सांगलीचं वालचंद, ही ह्या गटातली ओळखीची नावं. इथं अभ्यासक्रम, परीक्षा, तपासणी आणि निकाल कॉलेजचाच. पदवी मात्र विद्यापीठाची, कॉलेजच्या नावासह. उत्तरपत्रिका कॉलेजच्याच इमारतीत तपासल्या जातात, संख्या हजारांत, लाखांत नाही, म्हणून साधारण वर्षी निकाल लवकर लागतो.

संपाच्या वर्षी? लोक समजतात तेवढी ढाल मिळत नाही. अनुदानित कॉलेज स्वायत्त झालं म्हणून त्याचे लिपिक आणि परिचर संघटनेतून बाहेर पडत नाहीत. संप राज्यव्यापी असला की तेही उठतात. फायदा होतो तो संप मिटल्यानंतर: वेळापत्रक स्वतःचं असल्यानं आठवड्याभरात फिरवता येतं, विद्यापीठाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. शिवाय अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा मोठा असेल तर सत्रभर काही ना काही गुण जमा झालेले असतात. ज्याला पदवीनंतर लगेच पुण्या-मुंबईला किंवा परदेशी जायचं आहे, त्यानं इतर गोष्टी सारख्या असतील तर स्वायत्त घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत.

एक बारकावा. शेवटचं पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातूनच येतं. निकाल मेमध्ये मिळाला तरी ते दीक्षांत समारंभापर्यंत थांबतं. तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र आणि ट्रान्स्क्रिप्ट यांवरच काम भागवावं लागतं.

प्रकार तीन: जिथं "संप होत नाही"

विनाअनुदानित कॉलेजं, विनाअनुदानित तुकड्या, खाजगी आणि अभिमत विद्यापीठं. कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ, अतिग्र्याचं संजय घोडावत विद्यापीठ इथं परीक्षाही त्यांचीच आणि पदवीही त्यांचीच, त्यामुळं राज्यव्यापी बहिष्काराचा निकालावर थेट परिणाम होत नाही. वेळापत्रकाच्या दृष्टीनं हा खरा फायदा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. विनाअनुदानित संलग्न कॉलेजाचं तसं नाही. त्याचे पेपर त्याच 'कॅप'ला जातात. आणि काही अभियांत्रिकी कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला नव्हे, तर लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. प्रवेश अर्जावर संलग्नता कुणाची ते वाचल्याशिवाय सही करू नका. कागदातली चूक दुरुस्त करायला इथंच शिवाजी विद्यापीठात, विद्यानगरात जायचं की रायगड जिल्ह्यात, हा फरक लहान नाही.

आता मघाशी सांगितलेली गोष्ट. संप करायला कायम नोकरी लागते. तासिका तत्त्वावर, म्हणजे 'सीएचबी'वर शिकवणारा माणूस संप कसला करणार? त्याची नेमणूक सत्रापुरती, मानधन तासाला, तेही थकलेलं. तो घोषणा देत नाही, धरणं धरत नाही. ऑक्टोबरात दुसरीकडं बरी जागा मिळाली की निघून जातो, आणि तुमच्या पोराचा विषय अर्ध्यावर लटकतो. मग उरलेला अभ्यासक्रम पीडीएफवर येतो. ह्याला पेपरात बातमी नाही, पण बुडालेले तास संपाइतकेच. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजात आणखी एक कारण असतं: फीचा मोठा हिस्सा शिष्यवृत्तीतून, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलमार्फत येतो, तो सरकारकडून उशिरा आला की पगार थकतात, आणि पगार थकले की चांगला माणूस आधी जातो. सीएचबीचं प्रमाण अनुदानित कॉलेजातही आता कमी नाही; वर्षानुवर्षं भरती रखडली की दुसरं काय होणार.

म्हणून "संप होतात का?" हा प्रश्न सोडून द्या. "गेल्या सत्रात ह्या विभागात किती शिक्षक बदलले?" हा विचारा. तो चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाच्या पोराला विचारला तर अर्ध्या मिनिटात खरं उत्तर मिळतं.

लाल परीचा संप

कोल्हापुरातल्या कॉलेजचं परीक्षण एसटीशिवाय पुरं होत नाही. करोनानंतर २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एसटी बंद झाली. विलीनीकरणाच्या मागणीसाठी तो संप पुढं एप्रिल २०२२ पर्यंत ताणला. २२ एप्रिलपर्यंत कामावर या, असं उच्च न्यायालयानं सांगितल्यावर गाड्या पूर्ववत झाल्या. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडच्या पोरांचं त्या वर्षीचं नुकसान प्राध्यापकांच्या कुठल्याही संपापेक्षा मोठं होतं. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा. तो पास खिशात असून वडापचे, म्हणजे खाजगी जीपचे पूर्ण पैसे रोज मोजायचे, नाहीतर हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची.

रोज एका बाजूला ४० किलोमीटरच्या पुढून येणार असाल तर वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरा. शिवाजी विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना जुनी आणि चालती आहे. तालुक्याच्या गावचं कॉलेज नाव लहान म्हणून टाळू नका. एसटी थांबली तरी चालत पोचता येईल असं कॉलेज कला-वाणिज्यसाठी कितीदा तरी बरं पडतं. शास्त्रासाठी मात्र प्रयोगशाळा बघूनच ठरवा.

नावाचं काय?

शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची 'ए++' श्रेणी मिळाली, गुण ३.५२. ए++ ची पायरीच ३.५१ ला सुरू होते, हे लक्षात ठेवून आनंद मानावा. ४ पैकी ३.५२ म्हणजे वाईट मुळीच नव्हे. पण ही श्रेणी विद्यापीठाची आहे. "ए++ विद्यापीठाशी संलग्न" असं फलकावर मोठ्या टायपात लिहिणाऱ्या कॉलेजची स्वतःची श्रेणी बी सुद्धा असू शकते. पायऱ्या अशा: ३.२६ पासून ए+, ३.०१ पासून ए, २.७६ पासून बी++, २.५१ पासून बी+, २.०१ पासून बी. फलकावर अक्षर बघितलं की दोन गोष्टी विचारायच्या, गुण किती आणि मुदत कधीपर्यंत. श्रेणी साधारण पाच वर्षं चालते; मुदत संपलेली अक्षरंही भिंतीवर तशीच राहतात. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातल्या एका संस्थेच्या पाहणीत लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं नॅकच्या पाहणी समितीतल्याच लोकांना अटक केली होती, तेव्हा अक्षरावर डोळे झाकून विसंबायचे दिवस गेले.

एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या विद्यापीठ गटात अध्यापन आणि साधनं ३० टक्के, संशोधन ३०, पदवी-निष्पत्ती २०, सर्वसमावेशकता १० आणि लोकमत १०. वेळेत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण त्यात येतं. गुणपत्रिका किती दिवसांनी हाती आली हे येत नाही.

मोठं नाव उशिरापासून वाचवतं का? मुंबई विद्यापीठ बघा. २०१७ ला तिथं संप नव्हता, तर घाईनं आणलेल्या ऑनलाईन तपासणीमुळं ४७७ परीक्षांचे निकाल रखडले, पोरांचे परदेशातले आणि कायद्याचे प्रवेश अडले, ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. नाव दीडशे वर्षांचं होतं.

बाहेरदेशी जाणाऱ्यांसाठी

इथले संप टाळायला तिकडं जायचं, असा कुणाचा बेत असेल तर थोडं थांबा. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात करारावरचे शिक्षक आणि अध्यापन-सहायक २००८-०९ मध्ये ८५ दिवस संपावर होते, शेवटी प्रांताच्या विधिमंडळानं कायदा करून तो मोडला. २०१८ मध्ये पुन्हा १४३ दिवस. कॅनडातल्या उच्च शिक्षणातला तो सर्वांत लांब संप. २०२४ ला परत झाला. ज्या विद्यापीठात दर काही वर्षांनी संघटनेबरोबरचा तोच करार तुटतो, तिथं संप हा अपघात म्हणता येत नाही. करार कधी संपतो हे संघटनेच्या संकेतस्थळावर छापलेलं असतं. अर्जापूर्वी तेवढं बघता येतं.

ब्रिटनमध्ये २०२३ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत १४५ संस्थांत प्राध्यापकांनी तपासणीवर बहिष्कार टाकला, आपल्या २०१३ सारखाच. एडिंबरासारख्या ठिकाणीही काहींना श्रेणी न लिहिलेल्या पदव्या घेऊन बाहेर पडावं लागलं. तिथं तक्रारीला स्वतंत्र निवाडा कार्यालय आहे आणि भरपाई मिळू शकते, हा आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक. ऑन्टारिओतल्या सरकारी कॉलेजांत २०१७ ला पाच आठवडे संप झाला तेव्हा सत्र सोडून फी परत घेण्याची मुभा दिली गेली आणि २५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी ती घेतली, म्हणजे दहातल्या एकानं. आपल्याकडं अशी मुभा दिली तर किती घेतील? फी कमी आणि वर्षाची किंमत जास्त, त्यामुळं फारसे नाहीत, असा आमचा अंदाज.

प्रवेशाआधी दोन तासांत तपासता येईल असं

कॉलेजच्या संकेतस्थळावर 'आयक्यूएसी' (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) किंवा 'नॅक'चं पान उघडा. तिथं स्वयं-अध्ययन अहवाल, म्हणजे 'एसएसआर' असतो. त्यात निकष २.४.१ काढा: मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती टक्के. स्वायत्त कॉलेज किंवा विद्यापीठ असेल तर २.५.१ सुद्धा: शेवटच्या पेपरपासून निकालापर्यंत सरासरी किती दिवस लागले, पाच वर्षांचे आकडे. हे खरं सोनं, आणि प्रवेशाच्या धामधुमीत तिथवर कुणीच जात नाही. पाचपैकी एखाद्या वर्षीचा आकडा उसळलेला दिसला तर घाबरू नका, तो संपाचा किंवा करोनाचा असेल. त्याच्या पुढच्या वर्षी तो खाली आला का, ते बघा. खाली न येणारा आकडा हा व्यवस्थेचा आजार.

संलग्न कॉलेजला हा निकष नसतो, कारण निकाल विद्यापीठाचा. तिथं नुकतंच तिसरं वर्ष संपवलेल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून सहा सत्रांच्या गुणपत्रिकांवरच्या निकालाच्या तारखा घ्या, वेळापत्रकातून शेवटच्या पेपरची तारीख घ्या, वजाबाकी करा. ४५ च्या आत किती वेळा आलं ते मोजा.

विभागात जाऊन शिक्षकांची नावं आणि वेळापत्रक बघा. वेळापत्रकात नावाऐवजी 'सीएचबी १', 'सीएचबी २' असं लिहिलेलं असेल तर माणूस अजून नेमायचा आहे.

संप लागलाच तर

बहिष्काराची नोटीस फिरू लागली की हॉल तिकीट, आधीच्या सत्रांच्या गुणपत्रिका, बोनाफाईड आणि ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज ही कामं त्याच आठवड्यात उरका. खिडकी बंद झाल्यावर ओळख कामाला येत नाही, कारण ओळखीचा माणूसच मंडपात बसलेला असतो. परीक्षा पुढं ढकलल्याचं परिपत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच उतरवा, व्हॉट्सअॅपवरचं जुन्या तारखेचं असतं. परदेशी विद्यापीठाला निकालाची मुदत वाढवून मागताना त्या परिपत्रकाची प्रत आणि प्राचार्यांचं पत्र जोडलं तर बहुधा ऐकतात. नुसता ईमेल केला तर नाही. कायदा, एमबीए, बी.एड.च्या प्रवेशफेऱ्यांत अंतिम वर्षाची गुणपत्रिका कुठल्या तारखेपर्यंत चालते ते सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत असतं, तेवढं पान छापून ठेवा.

आणि निवड चुकली असं जुलै-ऑगस्टमध्येच लक्षात आलं, तर फी सोडून देऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणं प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस आधी किंवा त्याहून लवकर रद्द केलं तर पूर्ण फी परत मिळते, त्यातून फार तर ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आत कापता येतात. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, ३० दिवसांपर्यंत ५०, पुढं शून्य. २०२४-२५ साठी यूजीसीनं याहून सैल नियम काढला होता: ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा, ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कपात. चालू वर्षाचं परिपत्रक काढून अर्जाला जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही, हेही त्याच अधिसूचनेत आहे.